डोळ्यात सुईच का? गोळी नाही, थेंब नाही?

केळीबाग
मंडळी नमस्कार. आमची माय, वय ६८, साखर जुनी. टीव्हीवर खाली पट्टी सरकते ना, तिच्यातली मधली अक्षरं पुसल्यासारखी दिसतात म्हणायला लागली. जळगावला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवलं. पडद्याच्या मधोमध सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, सुरुवातीला दर महिन्याला, एकूण किती ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. माय ऐकूनच खुर्चीवरून उठली. "डोयात सुई? त्यापेक्षा मी आंधळी बरी."

माझा प्रश्न साधा आहे. कॅन्सरची औषधं सलाईनमधून जातात, हृदयाची गोळीने जातात, मग डोळ्यालाच सुई का? डॉक्टरांना विचारलं तर "तिथपर्यंत पोचत नाही" एवढंच म्हणाले, बाहेर रांग होती. रक्त तर सगळीकडे फिरतं ना? मग औषध का नाही पोचत? का इंजेक्शनात पैसा जास्त सुटतो म्हणून? खरं काय ते सांगा.

भरीतपुरी
पहिल्याच पोस्टात पैशाचा संशय. रावेरचा शोभतोस भो.

केळीबाग
घड कापायला दिला की वजन करून घेतो आम्ही, त्यात काय चुकलं 😀

औषधवाला_धुळे
काउंटरवर रोज कोणी ना कोणी हे विचारतं, म्हणून आधी थेंबांचं सांगून टाकतो. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात मावतात जेमतेम ३०. म्हणजे पडताक्षणीच काही गालावर येतं. उरलेलं अश्रूंबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात आणि तिथून घशात उतरतं. थेंब टाकल्यावर घसा कडू होतो तो त्यामुळेच. डोळ्याच्या आत शिरतं ते फार तर ५ टक्के, बहुतेकदा त्याहून कमी, आणि तेही पुढच्या भागातच राहतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर तेलात विरघळणारं औषध आत घेतो आणि त्याखालचा थर पाण्यात विरघळणारं. दोन्ही जमणारं औषध बनवणं हीच मोठी कसरत. त्याच्या मागे भिंग, त्याच्या मागे ४ मिलिलिटर घट्ट पारदर्शक द्रव, आणि सगळ्यात शेवटी मायच्या सुजेची जागा.

काचबिंदूवाल्यांनो, तुमच्यासाठी: एकच थेंब टाका, डोळा मिटा, नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. लागोपाठ टाकलं तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. दोन-दोन थेंब टाकून बाटली लवकर संपते, डोळ्याला त्याचा फायदा शून्य. आमचा होतो.

गिरणाथडी
कोपरा दाबायचं हलक्यात घेऊ नका कोणी. सासूबाईंना काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू झाले आणि जुना दमा उफाळला. आम्ही धूळ, कपाशीची बोंडं, मांजर, सगळ्यांना दोष दिला. शेवटी फिजिशियननी विचारलं, "डोळ्यात काही टाकता का?" डोळ्याचं औषध छातीपर्यंत जाईल हे कोणाच्या डोक्यात येणार? डोळ्याच्या डॉक्टरांकडे दम्याचा उल्लेखच आम्ही केला नव्हता, कारण "डोळ्याचा आणि दम्याचा काय संबंध". औषध बदललं, दमा शांत.

नेत्रपटल
मी पडद्याच्याच विकारांचं काम करतो, मूळ चोपड्याचा, सध्या नाशिकला. केळीबाग, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं, फक्त अर्धंच.

रक्त सगळीकडे जातं हे खरं. पण हाताच्या किंवा पोटाच्या केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, त्यातून औषध बाहेर झिरपतं. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या केशवाहिन्यांत शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, फट नाहीच. जायचं तर पेशीच्या आतून जावं लागतं. त्यातून जातं कोण? लहान रेणू, साधारण ४०० ते ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) आतले, तेलात विरघळणारे. शिवाय पेशींच्या भिंतीत पंप असतात, ते आत आलेलं नको असलेलं औषध पुन्हा रक्तात ढकलतात. पडद्याला असे दोन बंदोबस्त आहेत: एक त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांचा, दुसरा मागच्या बाजूला रंगद्रव्य पेशींच्या थराचा. मायना जे इंजेक्शन सांगितलंय ते बहुधा प्रतिपिंडाच्या जातीचं असेल. त्यातलं बेव्हासिझुमॅब घ्या, रेणूचं वजन दीड लाख डाल्टनच्या आसपास. गोळी करून दिली तर पोटातच पचून जाईल.

शेवभाजी_तिखट
डॉक्टरसाहेब एक शंका. साखरेमुळे पडद्याच्या रक्तवाहिन्या गळतात म्हणून सूज येते असं माझ्या वडिलांना सांगितलं होतं. म्हणजे तो बंदोबस्त तर आधीच मोडलाय. मग सलाईनमधलं औषध त्याच वाटेने आत का जाऊ नये?

नेत्रपटल
शेवभाजी, प्रश्न एकदम नेमका. आणि हे करून बघितलं गेलंय. २००५ च्या सुमारास मायामीत वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या आजारात बेव्हासिझुमॅब शिरेतून दिलं होतं, किलोमागे ५ मिलिग्रॅम. नजर सुधारली. पण रोग्यांचं रक्तदाब वाढलं. हे औषध नव्या रक्तवाहिन्या रोखतं, शिरेतून दिलं की ते हृदय, मूत्रपिंड, सगळीकडे पोचतं. डोळ्यात आपण देतो १.२५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला शिरेतून द्यायचं तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे पटीहून जास्त. सुपारीएवढ्याही नसलेल्या जागेसाठी अख्ख्या म्हाताऱ्या शरीराला, तेही साखर-बीपी असलेल्या, ती जोखीम द्यायची का? त्याच गटाने मग तेच औषध थेट डोळ्यात देऊन पाहिलं, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

भरीतपुरी
म्हणजे औषध आत जात नाही म्हणून सुई, आणि गेलं तरी सगळीकडे जातं म्हणून सुई. माय कुठूनच सुटत नाही.

खेडे_दिगर
मना आजलाले दोन्ही डोयाले सुया दिध्यात. काही दुखनं नही, उगाच घाबरू नका.

तास_चौथा
अमळनेरला जीवशास्त्र शिकवतो, गप्प बसवत नाही. हे कळलं कसं, त्याची गोष्ट भारी आहे. १८८५ मध्ये पॉल एरलिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. त्यांना वाटलं मेंदूला रंग धरतच नसेल. पुढे १९१३ मध्ये त्यांच्याच एका शिष्याने, एडविन गोल्डमानने, तोच प्रयोग उलटा केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं! म्हणजे मेंदूला रंग चढतो, फक्त रक्तातून येत नाही.

या अडथळ्याला नाव देणारी लीना श्टेर्न जिनिव्हात काम करायची, नंतर मॉस्कोला गेली. क्षयाने मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या मुलांना स्ट्रेप्टोमायसिन थेट मेंदूपाण्यात द्यावं, असा तिचा आग्रह होता, कारण रक्तातून ते नीट पोचत नाही. १९४९ मध्ये स्टॅलिनच्या राजवटीत तिला अटक झाली. त्या खटल्यात १३ जणांना गोळ्या घातल्या, ती वाचली, हद्दपार झाली. वर्गात एवढं सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

मोहफूल_अक्कलकुवा
सर, आमच्याकडच्या मोहाच्या दारूला मात्र कुठलाच अडथळा नाही. पाच मिनिटांत मेंदूत हजर.

तास_चौथा
अल्कोहोल, निकोटिन, कॅफिन तिघंही थेट आत. रेणू लहान, पेशीच्या भिंतीतून सहज पार. निसर्गाने बंदोबस्त केला तेव्हा गुत्ता धरलाच नव्हता बहुतेक.

लालपरी_चालक
माझ्या उपयोगाचं सांगतो. सर्दीची जुनी गोळी खाऊन कन्नड घाट उतरवायचा म्हणजे डोळे आपोआप मिटतात. डेपोच्या डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन लिहून दिली, झोप नाही. का, तर म्हणे ती मेंदूत शिरतच नाही.

औषधवाला_धुळे
बरोबर. जुनी क्लोरफेनिरामिन मेंदूत आरामात जाते. फेक्सोफेनाडिनला वर डॉक्टर म्हणाले तेच पंप बाहेर ढकलतात. म्हणजे अडथळा आपल्या कामी पण येतो.

आणि याच्या उलटा किस्सा. एका बाईंनी उलट्यांसाठी मुलीला घरातली जुनी मेटोक्लोप्रामाइडची गोळी दिली. दोन-तीन तासांत तिची मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर लागले, जीभ जड. घरच्यांना वाटलं बाहेरचं लागलं. गाडी भगताकडे निघालेली. वाटेत माझ्या दुकानाशी लिंबू घ्यायला थांबले, शेजारी भाजीवाला आहे. गाडीत डोकावलो, काय खाल्लं विचारलं, पाकीट दाखवलं त्यांनी. सरळ दवाखान्यात नेलं, प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ. लिंबं मी घरी नेली.

कारण इथेच आहे. उलटीचं केंद्र मेंदूच्या अशा कोपऱ्यात आहे जिथे हा अडथळा जवळपास नाही, रक्तातलं विष ओळखायला ती जागा उघडी ठेवलीय. डॉम्पेरिडोन तिथे काम करतं आणि मेंदूत फारसं शिरत नाही. मेटोक्लोप्रामाइड शिरतं आणि हालचालींच्या भागात गोंधळ घालतं, लहान वयात जास्त. डॉम्पेरिडोनचीही हृदयाच्या ठोक्यांबाबत काळजी असते, म्हणून दोन्ही आपल्या मनाने घेऊ नका.

गिरणाथडी
दादा, लिंबांचं वाचून चहा सांडला.

वरणबट्टी
विषय निघालाच आहे तर माझ्या वडिलांचं विचारते. कंपवात आहे. गोळी सकाळी चालते, दुपारी जेवणानंतरची मात्र वाया. रविवारी वरण-बट्टी केली की संध्याकाळपर्यंत पाय उचलत नाहीत. जाऊबाई म्हणतात तुपामुळे.

नेत्रपटल
ताई, तुपामागे लागू नका, वरण बघा. कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं. डोपामिन स्वतः अडथळा ओलांडत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. ते अमिनो आम्ल आहे. मेंदूला अमिनो आम्लं लागतात, त्यांच्यासाठी वाहक प्रथिनं ठेवलेली असतात. लग्नात वऱ्हाडाबरोबर फेटा बांधून जेवायला घुसणारा पाहिलाय ना, तसं लेव्होडोपा आत जातं. पण वरणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही त्याच दाराशी येतात. गर्दी झाली की गोळी बाहेरच.

वरणबट्टी
मग डाळ बंद करू?

काळीमाती
नको. आमच्या काकांनी बंद केली, तीन किलो उतरले, अंगात त्राण राहिला नाही. न्यूरोच्या डॉक्टरांनी रागावून सांगितलं की गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्या आणि डाळ, दूध, अंडी रात्रीच्या जेवणात ढकला. दुपारी भाकरी-भाजी. फरक पडला. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा, गोळीच्या वेळा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

सातपुडा_जडीबुटी
एवढ्या भानगडीत कशाला पडता? खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण द्या. तेच औषध आहे, निसर्गातलं. गोळ्यांचे दुष्परिणाम नाहीत.

औषधवाला_धुळे
खाजकुयलीत लेव्होडोपा असतं हे खरं आहे, नाकारत नाही. पण गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं. ते मेंदूत जात नाही, मुद्दामच. बाहेर राहून लेव्होडोपाचं वाटेतच डोपामिन होऊ देत नाही. वाटेत झालं तर ते आत जाणार नाही आणि मळमळ, बीपी पडणं सुरू. चूर्णात कार्बिडोपा नाही आणि चमच्यात किती लेव्होडोपा तेही ठरलेलं नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण दिलं तर वडील रात्रभर वेडेवाकडे हलतील आणि दोष गोळीला जाईल.

सातपुडा_जडीबुटी
कंपन्यांची बाजू घेणारच तुम्ही, दुकान आहे. बरं, नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब तरी? नाकातून थेट मेंदूत जातं, परंपरा आहे.

तास_चौथा
नाकाच्या वरच्या भागातून वासाच्या नसा थेट मेंदूत जातात, आणि त्या वाटेने औषध नेण्यावर प्रयोग चालू आहेत, एवढं बरोबर. पण त्या वाटेने जाणारं प्रमाण फार थोडं असतं. आणि तुपाने कंपवात जात नाही.

काळीमाती
नाकातलं एक मात्र घरात असू द्या. पुतण्याला फिट येते, डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला फवारा दिलाय. तो नाकाच्या अस्तरातून रक्तात जातो आणि तेलात विरघळणारा असल्याने पुढे मेंदूत पटकन शिरतो. फिट चालू असताना दात उघडायच्या, चप्पल हुंगवायच्या भानगडीत न पडता नाकात फवारायचा. प्रमाण वयावर, वजनावर असतं, ते डॉक्टरच सांगतात.

कापूस_वेचा
शेतकरी माणूस आहे, फवारणीचं लिहितो. मागच्या हंगामात शेजारच्या पोराला कपाशी फवारताना विषबाधा झाली. लाळ, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात ॲट्रोपिनवर ॲट्रोपिन. दुसऱ्या दिवशी पोरगं हवेतले किडे पकडायला लागलं, नर्सला "मामी" म्हणे. आईने हंबरडा फोडला, डोक्यात गेलं म्हणून. डॉक्टर म्हणाले ॲट्रोपिन मेंदूत जातं म्हणून ही बडबड, प्रमाण कमी केलं की उतरेल, उतरलं. सोबत दिलेलं दुसरं औषध, पॅम, ते मेंदूत नीट जात नाही म्हणे.

नेत्रपटल
पॅमच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून ते अडथळ्याशी थांबतं. ॲट्रोपिनला तसा नाही.

याच धर्तीवर सापाचं. मण्यार चावल्यावर पापण्या पडतात, बोलता येत नाही, श्वास थांबतो, आणि लोक म्हणतात "विष डोक्यात चढलं". ते विष मेंदूत शिरत नाही, मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे मारतं. श्वास यंत्राने चालू असेल तर व्हेंटिलेटरवर पडलेल्या माणसाला सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्या उशाशी शेताची वाटणी बोलू नका.

भरीतपुरी
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून प्रत्येक अतिदक्षता विभागात लावा.

वेडी_रातराणी
माझ्या भाचीला क्षयाचा मेंदूज्वर झाला होता. बरी वाटायला लागल्यावर घरात वाद: आता इंजेक्शनं कशाला, गोळ्या कमी करा. एका ओळखीच्यांनी तर औषधं अर्धी करायला सांगितली. आम्ही ऐकलं नाही.

नेत्रपटल
चांगलं केलंत. मेंदूच्या आवरणाला सूज असते तेव्हा अडथळा ढिला पडतो आणि औषध आत शिरतं. रोगी सुधारायला लागला की तोच अडथळा पुन्हा घट्ट होतो आणि आत जाणारं औषध कमी होतं. म्हणून सुधारणा दिसतेय तेव्हाच डोस कमी करणं सगळ्यात धोक्याचं. क्षयात आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूपाण्यात चांगले पोचतात, रिफाम्पिसिन कमी. उपचार साधारण वर्षभर चालतात ते उगाच नाही.

शेवभाजी_तिखट
पुढे काही नवीन येतंय का? का सुईच?

तास_चौथा
मेंदूसाठी येतंय. रक्तात बारीक बुडबुडे सोडून बाहेरून नेमक्या जागी ध्वनिलहरी मारायच्या, तेवढाच भाग काही तास उघडतो. माणसांवर २०१५ पासून करून बघतायत. दुसरं म्हणजे लोह आत नेणाऱ्या वाहकाला चिकटून औषध पाठवायचं. हंटर सिंड्रोम नावाच्या लहान मुलांच्या आजारात असं एक औषध २०२१ मध्ये जपानने मंजूर केलं. पुन्हा फेटाच!

नेत्रपटल
डोळ्यात डेक्सामेथासोनची विरघळणारी बारीक कांडी ठेवता येते, काही महिने पुरते. पण त्याने दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, सगळ्यांना चालत नाही. फॅरिसिमॅब नावाचं इंजेक्शन २०२२ मध्ये आलं, त्यात काहींना दोन सुयांमधलं अंतर वाढवता येतं.

केळीबाग
सगळं मायला वाचून दाखवलं. सापाचं दोनदा वाचायला लावलं. आता तिचे प्रश्न: सुई बुबुळात खुपसतात का? दिसते का येताना? दुसऱ्या दिवशी चुलीशी बसता येईल का? आणि माझा पहिला प्रश्न राहिलाच, पैशांचा.

गिरणाथडी
मायना सांगा, सासूबाईंच्या वेळी मी आत होते. बधिर करायचे थेंब टाकले, मग तपकिरी आयोडिन, ते चुरचुरतं, खरं सांगायचं तर तेवढंच. पापण्या उघड्या धरायला तारेचा चिमटा लावतात. "डावीकडे खाली बघा" म्हणाले, त्यांनी तिकडे बघितलं आणि तोवर झालंही. सुई दिसलीच नाही. बाहेर येऊन म्हणतात, "देणार कधी आहेत?"

नेत्रपटल
सुई बुबुळात नसते. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून. औषध ०.०५ मिलिलिटर. दिवसभर काळे ठिपके तरंगताना दिसतील, जातील. चुलीचा धूर आणि डोक्यावरून अंघोळ तीन-चार दिवस नको. आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या: सुईनंतरच्या आठवडाभरात डोळा दुखून लाल झाला आणि नजर कमी झाली तर रविवार असो, आखाजी असो, त्याच तासाला निघायचं. आत जंतू गेल्याची शक्यता असते. हजारांत एखाद्याच्याही वाट्याला येत नाही, पण आली तर थांबायला वेळ नसतो.

पैशांचं: बेव्हासिझुमॅब मूळ कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी छापील मंजुरी नसताना वापरलं जातं. एका बाटलीतून बऱ्याच डोळ्यांचे डोस निघतात, म्हणून स्वस्त. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट डोळ्यासाठीच बनवलेली, महाग. भारतीय कंपन्यांचं रॅनिबिझुमॅब त्यात स्वस्त पडतं. स्वस्त बाटली वाटून देताना ती निर्जंतुक जागी भरली पाहिजे, आणि वाटेत २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात बर्फाच्या डब्याशिवाय आलेली सिरिंज घेऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कोणतं औषध, कुठे भरलं, कसं आणलं. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

औषधवाला_धुळे
आणि त्या दिवशी सकाळची साखरेची गोळी आणि जेवण दोन्ही नेहमीसारखं, वेगळं काही सांगितलं नसेल तर. उपाशी नेऊन माणसाला चक्कर येते आणि नाव डोळ्याच्या सुईचं होतं.

केळीबाग
गुरुवारची वेळ घेतली. माय तयार आहे, पण म्हणते चिमट्याचं आधी सांगायला नको होतं.